म्हशीची गाठ

अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनही चुकत असेल, त्याची माफी असावी. मी चौथीपर्यंतच शिकले, आणि माझं उजवं मनगट नीट वळत नाही.

आज म्हशीचं ओलं दावं सोडताना काथ्याचा वास आला आणि जांबोटीचा तो चढ आठवला. टिळकवाडीचे दोघे तरुण डोंगरउतारावर सायकली पळवायला यायचे. आमच्या लहान गाडीच्या टपावर सायकली बांधून मालक, म्हणजे माझे यजमान, त्यांना वर सोडायचे. त्या दिवशी मीही सोबत होते आणि दोर मी बांधला. आग लागली तर जनावर पटकन सुटावं म्हणून गोठ्यात मारते, तशीच सवयीनं एका हिसक्यात सुटणारी गाठ मारली. वळणावर दोराचं टोक फांदीत अडकलं आणि एक सायकल रस्त्यावर आपटून मोडली.

ज्याची सायकल मोडली त्यानं उतरून हेल्मेट मालकांच्या तोंडावर हाणलं. दोन दात रक्तासकट मातीत पडले. मालकांनी जॅकचा लोखंडी दांडा उचलला.

"आज तुझं डोस्कंच फोडतो रं."

"गाठ मी मारलीया, त्याला मारू नका," म्हणत मी हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर.

तेव्हा वाटलं, माझ्या चुकीची शिक्षा मिळाली. आता वाटतं, हात मध्ये नसता तर तो जिवानिशी गेला असता आणि मालक तुरुंगात.

सायकलीचे पैसे आम्ही फुकट फेऱ्या मारून फेडले. शेवटच्या फेरीला त्या पोरानं दोर माझ्याच हातात दिला.

"म्हशीची गाठ नको गं आता," मालक म्हणाले.

वर पोचल्यावर सायकल उतरवत तो म्हणाला, "आक्का, पैसे फिटले सगळे."