खडूची फुली

आमच्या नणंदबाईंना कुणाच्या घरी न्यायची सोय नव्हती. यजमानीण चहाचं आधण ठेवते न ठेवते, तोच या मोरीत शिरून पिंपात बॅटरी मारणार. आरोग्यखात्यात डासांच्या अळ्या शोधायची नोकरी, हे कबूल. पण लग्नाच्या हॉलमध्ये फुलदाणीत डोकावायचं म्हणजे कहरच. मी म्हणायचे, "वन्सं, नवरा असा शोधला असतात तर एव्हाना नातवंडं असती." त्या हसायच्या आणि आमचीच बादली पालथी करायच्या.

काम मात्र चोख. पिंप उपसून, घासून, कोरडं केल्याशिवाय दारावर खडूची फुली मारायच्या नाहीत. फुली म्हणजे घर तपासलं, एवढाच अर्थ. त्या उन्हाळ्यात माझ्या लेकीच्या गल्लीत ताप शिरला आणि फुलीच्या घरांकडे फिरकला नाही. फिरकेल कसा, तिथे साठलेलं पाणीच नव्हतं. पण लोकांनी भलतंच डोक्यात घेतलं.

मध्ये वन्संना दुसऱ्या वस्तीत धाडलं होतं. परतल्या त्या दिवशी मीही सोबत गेले, कारण लेक फोन उचलत नव्हती आणि माझ्या जिवाला घोर लागला होता. गल्लीत शिरलो आणि थबकलो. प्रत्येक दारावर फुली. खिडक्यांवर, पायऱ्यांवर, सायकलच्या सीटवर, झोपलेल्या काळ्या कुत्र्याच्या पाठीवरसुद्धा. भर दुपारी चिटपाखरू नाही. दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "फुली आहे, बाई." पुढच्या दारातूनही तोच सूर, "फुली आहे, बाई."

"मी या घरांत गेलेच नाही," वन्सं पुटपुटल्या.

माझा आवाज ओळखून लेकीने दार उघडलं. घरात अंधार. मोरीतल्या पिंपाच्या झाकणावर फुली. झाकण काढलं तर पाणी नुसतं वळवळत होतं. पाळण्यात माझी नात, अंग तव्यासारखं, डोळे अर्धे मिटलेले, आणि कपाळावर पांढरी फुली.

"दवाखान्यात चल," वन्सं म्हणाल्या.

"नको, आत्या. घामाने पुसली जातेय, मी सारखी काढतेय. बाहेर नेलं तर पार जाईल." तिने पोरीला उचलून असं कवटाळलं की सोडवता येईना. शिकलीसवरलेली लेक माझी. तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

वन्संनी पिशवीतून खडू काढून त्या कपाळावर ठसठशीत फुली मारली. "ही माझ्या हातची. ही नाही जायची. चल आता." लेकीचे हात सैल झाले.

पोर वाचली. सलाईन वेळेत लागलं, दुसरं काही नाही.

तिला आमच्या घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर पायरीपासून कोपऱ्यापर्यंत त्या गल्लीतल्या बाया उभ्या. प्रत्येकीच्या कडेवर मूल. कुणी बोलेना, मुलंही रडेनात. वन्सं दारात आल्या तशा सगळ्यांनी मुलांच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"अगं, खडूत काही नसतं," वन्सं म्हणाल्या. "पाणी उपसा. तापलेलं मूल दवाखान्यात न्या."

पहिली बाई समजूतदारपणे हसली. तिच्या खांद्यावर मुलाची मान लुळी पडली होती.

"काढलीय मी घरी, पण तुमच्या हातची हवी," ती म्हणाली. "याला परवापासून ताप आहे. तुम्ही येईपर्यंत थांबलो होतो."