थांब म्हटलं की थांबणारं कुत्रं

डांबरावर चिरडलेल्या उसाचा आंबूस वास आला की माझं टाळकं आजही सरकतं. आमचं कुत्रं मोकळं सुटलं की सशामागं थेट केजच्या रस्त्यावर जायचं, म्हणून मी त्याला रोज रिकाम्या रानात पळवायची. ‘थांब’ म्हटल्यावर थांबलं की भाकरीचा तुकडा. हळूहळू ते भरधाव पळतानाही जागच्या जागी थांबायला लागलं. त्या दुपारी चुलत्यांकडं पाव्हणे आले होते. मी रस्त्यापलीकडच्या रानातून येताना दिसले, तसं कुत्रं माझ्याकडं पळत सुटलं. “बघा पाव्हणं, आमचं कुत्रं कसं ऐकतंय,” म्हणत चुलते ओसरीवरून ओरडले, “थांब!” आणि ते थांबलं, रस्त्याच्या मधोमध, भाकरीसाठी मागं वळून बघत. तेवढ्यात आलेल्या उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या जोरात चालली होती की ड्रायव्हरला माझी किंकाळी ऐकूच गेली नाही. वर चुलते मलाच म्हणाले, “कशाला रडायलीस? कुत्रंच तर हाय, दुसरं आणू.” दुसरं मीच आणलं. परवा त्यांनी त्याला पाचपन्नास हाका मारल्या, त्यानं मानसुद्धा वळवली नाही. “ह्याला कायच शिकवलं न्हाईस का?” म्हणाले. म्हटलं, “शिकवलंय की. तुमचं ऐकायचं न्हाई, एवढंच.”