पान सोडण्याआधी

देविदास राठोड गेल्याची बातमी वर्षाने मला फोनवर सांगितली. आधी नाव, मग वय, मग गाव, मग कारण... निधनवार्तेचा क्रम तिने सांगतानाही मोडला नाही. सेनगावहून हिंगोलीला दवाखान्यात आणताना जीपमध्येच त्याचं हृदय थांबलं. वय पंचेचाळीसही नव्हतं. वर्षा आमच्या दैनिकाच्या हिंगोली कार्यालयात पानं लावते, मी निवृत्त होईपर्यंत त्या कार्यालयाचा प्रमुख होतो, आणि तिथलं संगणकाचं सगळं काम देविदासकडे होतं. क्रम संपल्यावर ती म्हणाली, “सर, फोटो कोणता लावू?” मी म्हटलं, पोपटी शर्टातला. त्याला तोच आवडला असता.

शर्टांचा त्याला भारी षोक होता. हिंगोली जिल्हा झाला आणि आमच्या दैनिकाने जिल्ह्याची स्वतंत्र पानं सुरू केली, तेव्हा तो नोकरीला आला. नांदेडहून विज्ञानाची पदवी आणि संगणकाचा कोर्स करून आलेला, सेनगावजवळच्या बंजारा तांड्यावरचा मुलगा. पहिल्याच दिवशी त्याने अंगात लिंबोणी रंगाचा शर्ट घातला होता आणि बोलणं थांबत नव्हतं. पुण्याची नोकरी त्याने नाकारली होती. काहून, असं विचारल्यावर म्हणाला, “माय तांडा सोडून न्हाई येत, सर. मग म्या काहून जाऊ?” वडील लहानपणीच गेले होते. दर शनिवारी संध्याकाळी सेनगावची बस धरायची आणि आईच्या हातची भाकरी खाऊन परतायचं, हा त्याचा नेम लग्नानंतरही सुटला नाही.

पानं हिंगोलीत लावायची होती, पण जाहिराती, छायाचित्रं, अक्षरांचे साचे, सगळं मुख्य कार्यालयाच्या युनिक्स सर्व्हरवर. तिथलं फोल्डर आमच्या मशीनवर जोडलेलं असायचं. त्याला माउंट करणं म्हणतात. जोडलं की तिकडचं फोल्डर इथलंच असल्यासारखं दिसतं. दिसतं इथलं, पण उघडलं की प्रत्येक फाइल टेलिफोनच्या लाइनवरून यायची आणि एका छायाचित्रासाठी चहा पिऊन व्हायचा. पानाला रोज उशीर होऊ लागला. मुख्य कार्यालयाने कळवलं की हे असंच चाललं तर हिंगोलीची पानं तिकडेच लावू, देविदास आणि वर्षाने तिकडे यावं. वर्षाचं घर हिंगोलीत होतं. देविदासची आई तांड्यावर होती.

त्याने ते फोल्डर वेगळ्या पद्धतीने जोडलं. फाइल पहिल्यांदा उघडली की तिची एक प्रत आमच्या मशीनच्या डिस्कवर राहायची, आणि पुढच्या वेळी लाइनला हात न लावता ती प्रतच उघडायची. अशा साठ्याला कॅश म्हणतात. मशीन मधूनमधून मुख्य कार्यालयाला विचारत राहायचं की मूळ फाइल बदलली का. त्या विचारण्यातही लाइन अडकायची, म्हणून देविदासने तेही बंद केलं. आपण आज्ञा दिली तरच मशीन विचारणार. ती आज्ञा पान सोडण्याआधी, म्हणजे छपाईला पाठवण्याआधी, तो स्वतः द्यायचा, आणि वर फोन करून तिकडच्या माणसालाही विचारायचा, “बदललं का काही?” पानं वेळेवर जाऊ लागली. “आमचे आजे-पणजे बैलावर मिठाची गोणी चढवायचे आन् उतरवायचे,” तो सांगायचा, “म्या फोल्डर चढवतो आन् उतरवतो. धंदा त्योच हाय.”

उतरवणं शनिवारी दुपारी असायचं. आठवडाभराचा साठा काढून डिस्क मोकळी करायची, त्यासाठी आधी फोल्डर अनमाउंट करावं लागे. आत कोणाचं काहीही उघडं असलं की मशीन नकार द्यायचं. तेव्हा तो खोलीच्या मध्यभागी उभा राहून ओरडायचा, “उठा, उतरवतो!” खुर्चीवरून उठायचं नसे, आपापल्या फायली मिटायच्या असत. वर्षा मुद्दाम एखादी उघडी ठेवायची. “वर्षाताई, तुमी उठून राहिल्या का म्या बसू?” “बसा की. तुमची बस गेली तर माझं नाव नका घेऊ.” जबरदस्तीने तोडायचे मार्ग त्याला माहीत होते, पण ते त्याने वापरले नाहीत. कोणाचं तरी काम आत आहे ना, मग थांबायचं, एवढंच त्याचं म्हणणं. बस चुकली तर जीपने जायचा.

एकदा चूक झाली आणि ती छापली गेली. कळमनुरी तालुक्यातले किसनराव नावाचे एक निवृत्त शिक्षक वारले. मुख्य कार्यालयाने जुन्या संग्रहातून छायाचित्र काढून सर्व्हरवर ठेवलं, ते निघालं आखाडा बाळापूरच्या बियाण्याच्या दुकानदाराचं, त्यांचंही नाव किसनराव. तिकडे चूक लक्षात आली आणि त्याच नावाने बरोबर छायाचित्र ठेवलं गेलं. पण पहिलं आमच्याकडे उघडून झालं होतं. देविदासने विचारायची आज्ञा दिली होती, फोनही केला होता, पण बदलाच्या आधी. मग एका जाहिरातीसाठी पान अडलं, जाहिरात आल्यावर घाईत सुटलं, आणि दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. साठ्यातली जुनी प्रतच छापून आली.

सकाळी दुकानदार किसनराव जीपमधून उतरले ते अंक हातात घेऊनच. पांढरं धोतर, आवाज बाजारात कमावलेला. “साहेब, आमी जिते हाव का न्हाई, तेवढं तुमच्या मशीनला इचारून सांगा.” मी माफी मागितली. देविदासने खुर्ची पुढे केली, चहा आणवला आणि म्हणाला, “मामा, मशीन बराबर हाय. म्या लवकर इचारलं.” तिकडून चुकीचं छायाचित्र आलं होतं, हे त्याला सहज सांगता आलं असतं. तो त्यांच्याच जीपमध्ये बसून बाळापूरला गेला. आठवडी बाजार होता. दिवसभर तो त्यांच्यासोबत दुकानादुकानांतून फिरला आणि प्रत्येक ठिकाणी स्वतः पुढे होऊन सांगत राहिला, “हे बघा, मामा हायेत. चूक आमची हाय.” एका म्हाताऱ्या मित्राने किसनरावांचा हात धरला आणि म्हणाला, “किसन्या, तू गेलास म्हणून म्या सकाळचा चहा घेतला न्हाई. आता तूच पाज.” चहाचे पैसे किसनरावांनी देविदासला देऊ दिले नाहीत, हे तो नंतर अभिमानाने सांगायचा.

मुख्य कार्यालयाला मात्र कारण मिळालं होतं. ही साठ्याची भानगड बंद करा, पानं इकडे पाठवा, असा निरोप आला. त्या आठवड्यात देविदास कमी बोलला. शनिवारी “उठा” म्हणाला तेव्हा वर्षाने एकही फाइल उघडी ठेवली नव्हती... नंतर मुख्य कार्यालयातल्या संपादकांनी माफी मागायला किसनरावांना फोन केला. किसनराव त्यांना काय म्हणाले, ते संपादकांनीच मला ऐकवलं: “चूक झाली ती झाली. पर तुमचं पोरगं दिवसभर मला बाजारात जितं दाखवत फिरलं. ऑफिस तिकडं नेल्यावर कोन येनार हाय आमच्या दारात?” पानं हिंगोलीतच राहिली. देविदासने एक नियम घातला: विचारणं हे पान सोडण्याआधीचं शेवटचं काम. विचारल्यावर चहाही नाही, फोनही नाही, थेट पान.

पुढे लाइन वेगवान झाली आणि साठ्याची गरज उरली नाही. शेवटचं उतरवणं त्याने आम्हा सगळ्यांना बोलावून केलं. मशीनने नकार दिला. त्याने खोलीभर नजर फिरवली, सगळ्यांनी हात वर केले, आणि पाहिलं तर आत उघडी होती ती त्याचीच एक खिडकी. वर्षा म्हणाली, “उठा आता, राठोड.” तो हसला, पण ती खिडकी मिटायला त्याने बराच वेळ घेतला.

मागच्या आठवड्यात मी कार्यालयात गेलो होतो. मशीन केव्हाच बदललं आहे. छायाचित्रं आता मुख्य कार्यालयातून थेट दिसतात, बदललेलं तत्काळ बदललेलं दिसतं. तरी पान सोडण्याआधी वर्षा फोन उचलते. तिकडचा नवा माणूस हिंगोली रोज हे काहून विचारते म्हणून वैतागतो, पण उत्तर देतो. देविदासच्या निधनवार्तेच्या दिवशीही तिने पान पूर्ण केलं, पोपटी शर्टातला फोटो जागेवर बसवला आणि फोन केला. बदललं का काही? तिकडून उत्तर आलं, नाही. “मग मी परत विचारलं, सर,” ती मला म्हणाली. “नियमात नव्हतं तरी...”

तिकडून पुन्हा तेच उत्तर आलं. मग तिने पान सोडलं.