सगळ्यात मागची गाडी

दोन हजार बावीस साल. मी सहासष्ट वर्षांचा होतो, बिबवेवाडीत माझं गॅरेज होतं, आणि मला गाडी चालवायला शिकवणारा माणूस अजून जन्माला यायचाय असं माझं ठाम मत होतं. तेव्हा हे गृहस्थ पहिल्यांदा माझ्यासमोर उभे राहिले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. माझ्या गाडीचा आरसा बोटाने टकटक वाजवला आणि म्हणाले, "मालक, यात मागचं काही दिसतं, की भांग पाडायला ठेवलाय?"

मी म्हणालो, "मी मागे बघत नसतो. मागचे माझ्याकडे बघतात."

"असं होय! मग काढून टाका. तेवढंच वजन कमी होईल."

अशी आमची ओळख झाली.

रविवारी सकाळी कात्रजच्या बोगद्यातून साताऱ्याकडे निघालेल्या मोटारसायकलींच्या रांगा तुम्हीही पाहिल्या असतील. सगळ्यांचं लक्ष पहिल्या गाडीकडे जातं. चकचकीत गाडी, हेल्मेटवर कॅमेरा. पुढच्या वेळी शेवटच्या गाडीकडे बघा. आमच्या ग्रुपची शेवटची गाडी यांची असायची. जुनी शंभर सीसीची, पण समईसारखी घासलेली. अंगात रेडियमचे पट्टे असलेलं पिवळं जॅकेट.

ग्रुपमधली बारा-तेरा मुलं कंपन्यांत, बँकांत नोकरी करणारी. त्यांच्या गाड्या माझ्याकडे सर्व्हिसिंगला यायच्या. "काका, तुम्हीपण चला, वाटेत काही बिघडलं तर बरं," असं म्हणून त्यांनी मला ओढलं. हे गृहस्थ नारायण पेठेतले, सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. त्यांचं नाव लिहीत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. माझ्या हातून त्यांच्या नावाची वेलांटी चुकली असती तर त्यांनी मला सोडलं नसतं.

निघायच्या आधी ते सगळ्यांना उभं करून नियम सांगायचे. दर रविवारी, तेच. एकाने आपल्या पट्ट्यात उजवीकडून चालवायचं, त्याच्या मागच्याने डावीकडून, त्याच्या मागच्याने पुन्हा उजवीकडून. म्हणजे ब्रेक लागला तर कुणी कुणाच्या पाठीत शिरत नाही. रांगेतल्या रांगेत ओव्हरटेक करायचं नाही. पुढच्याने खड्डा पाहिला की त्या बाजूचा पाय बाहेर काढायचा, मागच्याने बघून आपलाही काढायचा, असा निरोप शेवटपर्यंत पोचवायचा. गाडी कुणाचीही बिघडो, थांबेल फक्त शेवटचा. "सगळे थांबलात की हायवेवर जत्रा भरते. जत्रेत ट्रक शिरला की मग पेपरात फोटो येतो."

अंतर किती ठेवायचं? त्याचं माप त्यांचं स्वतःचं. "पुढची गाडी खांबापाशी गेली की म्हणायला लागा. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, राहणार पुणे. एवढं म्हणून व्हायच्या आत तुम्ही खांबाशी पोचलात, तर फार जवळ आहात. मग पुढच्या वेळी हेच सगळं हवालदार लिहून घेईल."

दोन पोरं एकदा शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवत होती. चहाला थांबल्यावर यांनी विचारलं, "तुमचं दोघांचं ठरलंय का काही? नाही, जोडीनं निघाला होतात म्हणून विचारलं."

मला त्यांनी शेवटून दुसरा ठेवला. म्हणजे बरोबर स्वतःच्या पुढे. पन्नास वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला शेपटाजवळ! मी म्हणालो, "साहेब, माझी जागा पुढे आहे."

"असेल. पण तुमची पाठ मला आवडते."

सात महिने मी त्या जागेवर धुमसत चालवलं.

आमच्यात कसबा पेठेतली एक मुलगी होती. वडिलांचा तांब्याची भांडी घडवायचा धंदा. तिने स्वतःच्या पगारातून गाडी घेतली होती आणि चालवायचीही अशी, की चाकाखालून रस्ता कसा गेला ते कळू नये. हे म्हणायचे, "हिच्यामुळे माझी पंचाईत होते. बोलायला काही राहतच नाही."

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एका रविवारी पुढे चालवणारा मुलगा आजारी पडला. मी सगळ्यांच्या देखत जाहीर केलं, "आज मी पुढे."

"नको," ते म्हणाले.

"का नको? सांगा ना चारचौघांत, का नको ते!"

त्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं, पोरांकडे बघितलं, आणि तोंड मिटलं. "बरं," म्हणाले.

तेव्हा मला वाटलं, जिरवली.

खेड शिवापूरच्या पुढे एक वळण घेऊन उतार लागतो. मी पुढे उजवीकडून, माझ्या मागे डावीकडून ती मुलगी. मागे काहीतरी घासत गेल्याचा आवाज आला. मी थांबेपर्यंत ती रस्त्याच्या कडेला पडली होती आणि तिची गाडी दहा हात पुढे. डाव्या बाजूला परातीएवढा खड्डा होता.

हे गृहस्थ तोवर पोचलेही होते. आपली गाडी त्यांनी इंडिकेटर चालू ठेवून मागे लावली आणि जॅकेट काढून हलवत मागून येणाऱ्या गाड्या बाजूने काढायला लागले. एका मुलाला अॅम्ब्युलन्ससाठी फोन लावायला सांगितलं, बाकीच्यांना पुढच्या पंपावर पिटाळलं. मुलीच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं.

फोन करणाऱ्या मुलाने मला विचारलं, "काका, तुम्ही पाय नव्हता काढला?"

मी म्हणालो, "काढला होता. ती फार जवळ होती."

मुलगी पडल्या पडल्या म्हणाली, "हो काका, असेन मी जवळ. सॉरी."

दहा पावलांवर ते जॅकेट हलवत होते. माझं बोलणं त्यांच्या कानावर पडलं की नाही, मला कळलं नाही. मी तिकडे बघितलंच नाही.

बुधवारी भर दुपारी ते गॅरेजवर आले. नारायण पेठेतला माणूस दुपारी दोन वाजता घराबाहेर पडतो म्हणजे प्रकरण साधं नसतं.

"मालक, डावा डोळा."

"काय झालंय डाव्या डोळ्याला?"

"ते डॉक्टर सांगेल. मी सात महिने तुमच्या मागे चालवतोय. उजवीकडचा एक खड्डा तुम्ही खाल्ला नाहीत. डावीकडचा एक सोडला नाहीत."

म्हणून मला स्वतःच्या पुढे ठेवलं होतं. माझ्यावर लक्ष ठेवायला. माझं डोकं फिरलं. हातातला पाना मी फरशीवर आपटला आणि म्हणालो, "चालते व्हा!"

त्यांनी पाना उचलला, फडक्याने पुसला, फळीवर त्याच्या जागी अडकवला. "उद्या आठ वाजता येतो. उपाशीपोटी यायचं का ते डोळ्यांच्या डॉक्टरला विचारलंय. तशी गरज नाही. पोहे खाऊन तयार राहा."

आणि आले की हो आठला! "मागे बसा," म्हणाले. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांची पाठ बघितली. ताशी तीसने चालवत होते आणि प्रत्येक वेळी मला ओरडून सांगत होते, "गतिरोधक!"

मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. ऑपरेशन झालं. डोळ्यात थेंब टाकायच्या वेळेला दिवसातून चारदा त्यांचा फोन. "टाकले?" एवढाच शब्द, आणि फोन बंद. गॅरेजवर परतलो तर ते बाकड्यावर येऊन बसलेले. मी म्हणालो, "साहेब, गॅरेज इतकं कळकट झालंय हे मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"पाना कोण झेलणार?"

असं सगळं छान झालं. एक सोडून.

ती मुलगी बरी होऊन दोनदा आमच्याबरोबर आली. पण पुढच्या गाडीपासून इतकी लांब राहायची की मध्ये ट्रक घुसायचे, मग ती आणखी घाबरायची. तिसऱ्या वेळी आलीच नाही. "मला अंतर कळत नाही," असं सगळ्यांना सांगून तिने गाडीवर कव्हर घातलं. ते अंतर तिला बरोबर कळत होतं. माझ्याशिवाय हे कुणाला माहीत नाही, असं मी धरून चाललो होतो.

एकदा चहा पिताना हे म्हणाले, "ती मुलगी चांगली चालवायची."

मी म्हणालो, "हो."

काही महिन्यांनी पुन्हा म्हणाले, "चांगली चालवायची, नाही?"

मी म्हणालो, "हो."

तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

दोन हजार चोवीसच्या दिवाळीनंतर ते झोपेतच गेले. पोरं वैकुंठ स्मशानभूमीत एका बाजूला ओळीने उभी होती, अंतर ठेवून. सवय. पुढच्या रविवारी निघालो तेव्हा शेवटची जागा घ्यायला कुणी तयार होईना. कुणाला तिथे बसवेना. मी म्हणालो, "मी राहतो मागे."

मागून चालवायला लागल्यावर कळलं की तिथून काय काय दिसतं. कोण दमलंय, कोण घरून भांडून आलंय, कुणाचा क्लच घसरतोय, सगळं पाठीवरून कळतं. खेड शिवापूर मागे पडलं, ते वळण आलं आणि उतार लागला. वळणावर रांग वाकडी झाली आणि अकरा गाड्यांच्या पलीकडे पहिली गाडी अख्खी दिसली. पुढच्या मुलाने खड्ड्यासाठी डावा पाय बाहेर काढला. त्याचा बूटसुद्धा मला शेवटून स्पष्ट दिसला.

म्हणजे त्यांनी त्या दिवशी पाहिलं होतं. माझा पाय बाहेर आला नाही, हे त्यांनी इथूनच पाहिलं होतं. तरी डोळ्याबद्दल बोलले, थेंब टाकले का विचारत राहिले, त्या मुलीबद्दल दोनदा एक वाक्य बोलले, आणि माझी वाट बघत राहिले. पावणेदोन वर्षं!

मी गाडी चालवत होतो म्हणून बरं, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कसबा पेठेत गेलो. मुलगी ऑफिसला निघायच्या तयारीत होती, वडील दारात हंडा ठोकत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "बाळ, मी पाय काढलाच नव्हता. खड्डा मला दिसलाच नव्हता. तू जवळ नव्हतीस. मी खोटं बोललो."

वडिलांचा हातोडा थांबला.

तिने हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "काका, मला रोज वाटायचं की मलाच कळत नाही." आणि आत निघून गेली. या, बसा, चहा घ्या, काही नाही. बरोबरच होतं तिचं.

गाडी बोळात भिंतीला लागून उभी होती. मी पिशवीतून पाने आणले होते. कव्हर काढलं, टायर बसले होते, चेन गंजली होती. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नको म्हणालं नाही. मी खाली बसलो आणि चेन सोडवायला घेतली.