रुमालाखालचं बोट

गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. परवा माझ्यासमोर एका म्हाताऱ्याच्या गाईचा सौदा असाच चालला होता, तेवढ्यात समोरच्या डोंगरावर वणवा भडकला. वाऱ्याने जाळ भसाभसा उतारावर ओढला. वाळलं गवत तडतडू लागलं. व्यापाऱ्याने मान वळवून धूर पाहिला आणि रुमालाखाली धरलेलं एक बोट सोडून दिलं; भाव तेवढ्याने उतरला.

म्हातारा कडाडला, "आरं, गाय बघ की! डोंगराकडं काय बघतोस?"

"गाय गुणाचीच हाय, बाबा. पर तिला चारू काय?"

मला व्यापाऱ्याचा संताप आला, पण तो खोटं बोलत नव्हता. गाईचा भाव गाईच्या अंगावर नसतोच. तो डोंगरावर गवत होऊन उभा असतो आणि एखादा वारा त्याची राख करतो.

वाऱ्याला मारता येत नाही. म्हाताऱ्याने हात हिसकला, काठी उचलली आणि गाईच्याच पाठीत घातली. पुन्हा घातली. तिचं कातडं थरथरलं, रवंथ थांबला, मग जबडा पुन्हा हलू लागला. सकाळी ती त्याच डोंगरावर चरली होती. तिथलं गवत आता तेवढंच उरलं होतं, तिच्या तोंडात.