चाकांवरचं सोवळं

सडलेल्या लाकडाचा वास ज्याला माहीत नाही, त्यानं मला जुन्या वस्तूंचं कौतुक ऐकवू नये. मी तो वास एक अख्खा उन्हाळा नाकातोंडात घेऊन जगले आहे. आजही कुणाच्या बेसमेंटमध्ये ओल धरल्याचा वास आला की मी चहा न पिताच उठते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मिशिगनमध्ये, नोव्हायला राहत होतो. आमचे हे मोटारीच्या कंपनीत इंजिनियर. त्या उन्हाळ्यात सासू-सासरे साताऱ्याहून आले. सासरे भूगोलाचे मास्तर. ग्रँड कॅनियन त्यांनी जन्मभर फळ्यावर काढली, रंगीत खडूनं थर दाखवून पोरांना शिकवली, आणि स्वतः कधी पाहिली नव्हती. आता त्यांना काचबिंदू झाला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, "मास्तर, जे काय बघायचं ते यंदाच बघून घ्या."

म्हणजे जायचं हे नक्की होतं. प्रश्न सासूबाईंचा. त्यांचं सोवळं कडक. ज्या शेगडीवर कधी अंडं उकडलं असेल तिच्यावरचा चहासुद्धा त्या घेत नसत. "मोटेलमध्ये आई जेवणार नाही आणि तिथल्या गाद्यांवर झोपणारही नाही," ह्यांनी परस्पर ठरवून टाकलं. "आपण ट्रेलर घेऊ. गाडीच्या मागं जोडला की झालं. आईचं स्वयंपाकघर चाकांवर!"

ट्रेलर म्हणजे गाडीमागं ओढत न्यायची एक लांबुळकी खोली. आत ओटा, शेगडी, बाकं, झोपायला फळ्या. आम्ही घेतला तो पंचवीस-तीस वर्षं जुना, बाहेरून पत्र्याचा, गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्याकडचा. इंजिनियर माणूस! हे खाली आडवे झाले, आस बघितला, बेअरिंग फिरवली, ब्रेक तपासले. भिंतीला मात्र बोट लावलं नाही. भिंतींवर नवी कोरी, चकचकीत लाकडी पॅनल ठोकलेली होती आणि आत लिंबाच्या वासाचा स्प्रे मारलेला होता. त्या लिंबाच्या मागून मला ओल्या गोणपाटाचा वास आला. "अहो, काहीतरी कुजतंय," मी म्हटलं. "जुनी गाडी आहे, वास यायचाच," हे म्हणाले.

सासूबाईंनी दारातूनच आत डोकावून पाहिलं आणि पदर नाकाला लावला. "कुणी काय काय शिजवलं असेल इथं! आधी स्वच्छ धुऊन घे गं." मग मी धुतलं. आपल्याकडे धुतात तसं. बादलीनं बदाबदा पाणी ओतलं आणि झाडूनं दाराकडे लोटायला लागले. पाणी दारापर्यंत आलंच नाही. दुसरी बादली ओतली. तीही गायब. मी खुळ्यासारखी बघत राहिले, की बाई, हे जातंय कुठं? तेवढ्यात कोपऱ्यातली जमीन खचली आणि माझा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

आत लाकूड नव्हतंच. करडा, गिळगिळीत लगदा होता, शिळ्या लापशीसारखा, आणि तो माझ्या बोटांच्या बेचक्यांत शिरला होता. मी किंचाळले. हे धावत आले, त्यांनी शेजारचं पॅनल उपसलं, आणि शी! काय काय निघालं तिथून! काळा मिट्ट ओला कापूस, उंदराचं वाळकं घरटं, त्यात मेलेली पिल्लं, सरसर पळणारे किडे, आणि चक्क अळिंब्या. छत वर्षानुवर्षं गळत होतं आणि त्या थेरड्यानं कुजक्या भिंतीवर नवी फळी ठोकून तो ट्रेलर आम्हाला विकला होता. वरून कीर्तन, आतून तमाशा. मी बाहेर पळाले आणि हिरवळीवर सकाळचे पोहे ओकले.

आणि ह्यांनी काय म्हणावं? "तू एवढं पाणी ओतलंस म्हणून!"

"एका सकाळच्या पाण्यानं अळिंब्या उगवतात का हो?" मी ओरडले.

तिथंच तो उकिरडा फेकायला हवा होता. पण नाही. घेतलाय तर दुरुस्त करणार! मग रोज ऑफिसातून आल्यावर आणि शनिवार-रविवार दिवसभर तेच. एक भिंत उघडावी तर तिच्या शेजारची सडलेली. स्क्रू काढायला जावं तर त्याच्याबरोबर लाकूडच हातात यायचं. मी जुन्या उलथन्यानं बुरशी खरवडायची. ती नखांत जायची, केसांत जायची. किती साबण लावला तरी हाताचा वास जाईना. वरण-भात कालवला की घास तोंडाजवळ नेववत नसे, शेवटी मी चमच्यानं जेवायला लागले. सासूबाई मला आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नव्हत्या, आणि खरं सांगते, त्यांचं काही चुकत नव्हतं. मलाच माझी किळस यायची.

सासरे तिथंच घरापुढच्या ड्राइव्हवेवर खुर्ची टाकून बसायचे, मांडीवर अमेरिकेचा नकाशा. "अॅरिझोनात जून-जुलैत ऊन फार," असं सुरुवातीला म्हणायचे. मग म्हणायला लागले, "ऑगस्ट बरा." नकाशा आधी मांडीवर असायचा, मग हातात आला, मग नाकाला लागला. एके दिवशी पाहिलं तर तो उलटा धरलेला होता आणि ते मन लावून बघत होते.

माझं डोकं फिरलं. ट्रेलरमध्ये शिरून मी ह्यांना म्हटलं, "पुरे झालं. आहे ती गाडी काढा आणि निघू. बाबांना दिसेनासं होतंय."

"आणि आई? तिला काय रस्त्यात उपाशी मारू?" त्यांच्या हातात पत्र्याला लावायचा डिंक होता, तो लावणं काही थांबेना. "आता छताचं तेवढं राहिलंय."

छताचं झालं. सप्टेंबर उजाडला. सासूबाईंनी आत देव मांडले, मी डबे भरून ठेवले, आणि निघायच्या आदल्या दिवशी पाऊस आला. संध्याकाळी दार उघडलं तर नव्या पॅनलवरून पिवळं पाणी ओघळत होतं. आणि तोच वास. दुष्काळात तेरावा महिना. मी त्या ट्रेलरला लाथ घातली, अंगठा दुखावला तरी पुन्हा घातली. "उद्या सकाळी गाडीनं निघायचं," मी म्हटलं. "ज्याला यायचं त्यानं यावं." हे आईकडे बघायला लागले. सासूबाई आत गेल्या आणि देव पदरात घेऊन बाहेर आल्या. सकाळी गाडीत पहिल्या त्याच बसल्या.

वाटेत दुपारी एका हायवेवरच्या हॉटेलात थांबलो. आत मांस तळल्याचा वास कोंदलेला. मी नाकाला रुमाल लावला. सासूबाईंनी मात्र समोरची फ्रेंच फ्राइजची बशी ओढली आणि खायला लागल्या.

"आई!" हे म्हणाले. "तुला चालतं हे?"

"न चालायला काय झालं? ह्यांचे डोळे जातायत, आणि मी सोवळं घेऊन बसू?"

"मग आधी का नाही बोललीस?"

"मला कुणी विचारलं? मला वाटलं, तुला त्या डब्याची हौस आहे."

हे उठून बिल द्यायला गेले. मी सरळ गाडीत जाऊन बसले. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, देव जाणे.

कॅनियनच्या काठावर कठडा होता. सासऱ्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि मान पुढं काढली. भर दुपारचं लख्ख ऊन होतं.

"कुठंय?" त्यांनी विचारलं.

"समोरच, बाबा," मी म्हटलं.

"हं. उजेड आहे खूप." मग त्यांनी हात बाजूला चाचपडत सासूबाईंचा दंड धरला. "तू सांग. थर दिसतात का?"

चौथी शिकलेल्या सासूबाई कपाळावर हात आडवा धरून बघायला लागल्या. "दिसतात. वर पांढरट आहे. खाली तांबडं. मग हिरवट, मग पुन्हा तांबडं."

"बरोबर," मास्तर म्हणाले. "आणि तळाशी नदी?"

नदी तिथून दिसत नव्हती. खोल कुठंतरी होती. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"दिसते की," त्या म्हणाल्या. "चांगली मोठी आहे."