दसऱ्याचा बार

आमची तोड्याची बंदूक आईनेच बिघडवली होती, पण हे तिला सांगायची माझी छाती नव्हती. दर दसऱ्याला सोनं लुटून परतताना वडील शिवेवर एक बार काढत. तो ऐकला की आई ओवाळायला ताम्हण घेऊन दारात येई. वडील गेल्यावर तिने बंदुकीची नुसती पूजा चालवली. आठ वर्षांच्या हळदीकुंकवाने आणि जवसाच्या तेलाने तोड्याची पेटती वात लावायचं बत्तीचं भोक पार बुजलं. यंदा मात्र ती अंथरुणावरून म्हणाली, "एकडाव तो आवाज आयकू दे मले."

कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून पातूरच्या म्हाताऱ्या लोहाराला मान वर करायला फुरसत नव्हती. गाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवून घ्यायला माणसं ताटकळत बसलेली. मी बंदूक पुढे करून घाईने म्हणालो, "काका, नळी भट्टीत धरा ना, मळ जळून जाईन."

त्याने आधी नळीत गज सोडला, बोटाने खूण धरली आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. आत तो चार बोटं कमी गेला होता; तळाशी काहीतरी ठासलेलं होतं.

"भरेल हाये हे! भट्टीत घातली असती त तू बी गेला असता अन् मी बी. अक्कल गहाण ठेवली काय?"

बोलणी खाऊनही तो माणूस मला फार आवडला. धावांचं काम बाजूला सारून त्याने नळीत पाणी ओतलं, दारू भिजू दिली आणि टोकाला पिळाचा आकडा असलेला गज आत फिरवला. आधी एक चिंधी आली, मग शिशाची गोळी, मग काळा चिखल. भोक दाभणाने साफ केलं. घणाचे घाव घालणाऱ्या त्या बोटांत एवढी हळुवारता कुठून आली, देव जाणे. चिंधी धुऊन त्याने माझ्या हातावर ठेवली. "तुह्या बापानं ठासेल हाये. फेकू नोको."

घरी आईने ती डोळ्यांजवळ नेली. "हा त माह्या लग्नाच्या लुगड्याचा काठ! उंदरानं कुरतडला म्हने! लबाड मानूस!" वडील गेल्यापासून ती त्यांच्यावर प्रथमच चिडली होती. मग हसली, आणि पदर तोंडाला लावून रडली. मलाही आवरलं नाही.

दसऱ्याला मी निघालो तेव्हा तिने अंगावरच्या लुगड्याचा काठ दाताने फाडून माझ्या हाती दिला. "हा ठास. अन् उंदराचं नाव नोको सांगू."

बार दणक्यात झाला. परतलो तेव्हा ती भिंतीला टेकून, ताम्हण धरून दारात उभी होती.